न समजण्याची नोकरी

जगात लोक कशाकशाचा पगार घेतात. कुणी चहा चाखून घेतो, कुणी अत्तर हुंगून घेतो. थोरली पगार घ्यायची तो न समजण्याचा.

हसू नका, खरं आहे. घरातली ही मोठी सून ज्या कचेरीत जायची तिथं विज्ञानाचे आणि वैद्यकाचे कोश तयार व्हायचे, विद्यार्थ्यांसाठी आणि तुमच्याआमच्यासारख्या साध्या माणसांसाठी. ताप का येतो, वीज कशी पडते, लस का टोचतात, असे सगळे विषय आणि उशाला घेऊन झोपावं इतके जाड खंड. वरच्या माडीवर लेखक बसायचे. त्यांत दोन निवृत्त डॉक्टर होते, एक रसायनशास्त्रवाला होता आणि पोरांना शिकवून कंटाळलेली एक प्राध्यापिका होती. त्यांनी लिहिलेलं खाली यायचं ते जिन्यालगतच्या खोलीत, वाचकाच्या टेबलावर. वाचक म्हणजे कचेरीनं पगार देऊन ठेवलेलं अज्ञान. त्याला लिहितावाचता आलं पाहिजे, पण विषयाचा गंध नको. त्यानं लाल पेन्सिल घेऊन प्रत्येक लेख वाचायचा आणि जिथं अडलं तिथं समासात ठसठशीत ठिपका द्यायचा. त्या ठिपक्याला कचेरीत सगळे ‘खडा’ म्हणायचे. घासात खडा आला की माणूस चावायचा थांबतो, तसा इथं वाचणारा थांबला, एवढाच त्याचा अर्थ. खडा पडला की लेख परत माडीवर. मग लेखकमंडळी चरफडत ती जागा पुन्हा लिहायची, कारण मुख्य संपादकांचं म्हणणं असं, की वाचक कधीच चुकत नाही. त्याला नाही ना कळलं, मग लिहिणाऱ्याचं चुकलं. हे संपादक छापून आलेलं अक्षरन् अक्षर भिंगातून बघायचे, म्हणून माघारी सगळे त्यांना भिंगसाहेब म्हणत.

भिंगसाहेबांचा एक नियम फार कडक होता. वाचकाला समजायला लागलं की त्याची नोकरी गेली. वाचक ‘पिकला’ म्हणायचे त्याला. थोरलीच्या आधी त्या खुर्चीवर एक निवृत्त पोस्टमन होता. काही वर्षं त्यानं पोत्यानं खडे टाकले. मग एकदा चहाच्या वेळी तो शिपायाला बद्धकोष्ठाची कारणं समजावून सांगताना सापडला, तेही अगदी मुद्देसूद. भिंगसाहेबांनी त्याची पाठ थोपटली, कोशाचा अख्खा संच भेट दिला आणि घरी पाठवलं.

थोरली हे विसरली नव्हती. आणि खोटं कशाला बोला, ती स्वतः पिकून कैक वर्षं झाली होती. अहो, रोज तेच वाचून वाचून दगडालासुद्धा समजेल. यकृत काय करतं, चुंबकाला दोनच टोकं का, मोतीबिंदू कुठं होतो, सगळं तिला पाठ होतं. पण चेहरा ठेवायची तो कोऱ्या पाटीसारखा. आणि खडे? ते ती घरून आणायची. संध्याकाळी सासूबाईंना लेख वाचून दाखवायचा, म्हातारीच्या कपाळाला आठी पडली की ती जागा लक्षात ठेवायची आणि सकाळी टेबलावर बसून तिथं ठिपका द्यायचा. सासूबाईंचं अज्ञान अस्सल होतं. त्यावर थोरलीनं वर्षानुवर्षं नाव कमावलं. मागल्या वर्षी सासूबाई गेल्या. थोरली रडली ती मनापासून रडली, पण त्या रडण्यात थोडी नोकरीचीही चिंता होती, हे तिचं तिलाच माहीत.

तेव्हापासून ती अंदाजानं खडे टाकू लागली. लांबलचक शब्द दिसला की दे ठिपका. माडीवर कुरबुर सुरू झाली, की बाईंचे खडे हल्ली नुसते जड शब्दांवर पडतात. भिंगसाहेब अजून काही बोलले नव्हते. पण ते जिन्यावरून उतरताना दिसले, की थोरली हातातला लेख उगाच पहिल्या पानापासून उलटायची.

अशात एक दिवस ती चष्मा घरी विसरली.

चष्मा घेऊन आली ती तिची जाऊ, धाकटी. दोघा भावांचं घर एक, चूल एक. धाकटी लग्न होऊन आली त्याला बरीच वर्षं झाली, एक मुलगी झाली, तरी तिच्या तोंडावरचं हसू काही गेलं नव्हतं. थोरलीला ते हसू कधीच फारसं झेपलं नाही. एवढं हसण्यासारखं असतं तरी काय, असं तिला वाटायचं. तर धाकटी चष्मा देऊन स्टुलावर टेकली, समोर पडलेला कागद उगाच हातात घेतला आणि वाचू लागली. रक्तदाबावरचा लेख. तेवढ्यात भिंगसाहेब खोलीत आले. धाकटीनं मान वर करून त्यांनाच विचारलं, “अहो, हे वरचा आकडा आणि खालचा आकडा म्हणजे एक उजव्या हाताचा आणि एक डाव्या हाताचा का?”

भिंगसाहेब जागच्या जागी थांबले. त्यांनी कागद घेतला, भिंग काढलं आणि लेख पहिल्यापासून वाचला. हृदय आवळतं तेव्हाचा दाब, सैल पडतं तेव्हाचा दाब, सगळं होतं. पण दोन्ही आकडे एकाच हातावर, एकाच वेळी मोजतात, हे कुठंच म्हटलेलं नव्हतं. चार लेखकांच्या हातांखालून गेलेला लेख. थोरलीनं तो दर आवृत्तीला वाचलेला, सासूबाईंनी ऐकलेला. कुणालाच तिथं खडा लागला नव्हता. भिंगसाहेबांचा चेहरा असा उजळला की विचारू नका. त्यांनी धाकटीला तिथल्या तिथं विचारलं, की उद्यापासून येणार का.

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. आपण एवढी वर्षं इथं घासली, आणि ही बया चष्मा द्यायला येते काय आणि नोकरी घेऊन जाते काय. पण तोंडानं म्हणावं लागलं, की हो हो, येऊ दे की, मला सोबत होईल.

टेबल तेच, खुर्च्या दोन झाल्या. आणि धाकटीचे खडे पडू लागले. अहो, काय खडे! जीवनसत्त्वावरच्या लेखात तिनं विचारलं, की हे अन्नात कुणी घालतं का आपोआप असतं. भुलीवरच्या लेखात विचारलं, की माणूस झोपलाय की बेशुद्ध आहे की तिसरंच काही, ते आधी सांगा. माडीवरच्या डॉक्टरांनी कपाळाला हात लावला, मग डोकं खाजवलं, मग मान्य केलं की बाई बरोबर बोलतेय. प्राध्यापिका तर मुद्दाम खाली येऊन धाकटीला बघून गेली, जत्रेतलं नवल बघावं तशी. थोरलीला इतक्या वर्षांत कुणी बघायला आलं नव्हतं.

घरी तर आणखीच कमाल. आजवर घरात कुणाला शिंक आली तरी थोरलीला विचारायचे, आणि ती ‘मला काय माहीत, कोशात बघा’ म्हणायची. तिचा नवरा कौतुकानं आणि दीर थट्टेनं तिला ‘आमच्या कोशवाल्या’ म्हणायचे. आता जेवताना दीर विचारायचा, की काय गं, आज कुठं अडलीस, आणि धाकटी रंगवून सांगायची आणि सगळे पोट धरून हसायचे. थोरलीचा नवरा, जो एरवी खाली मान घालून जेवायचा, तोसुद्धा हसायचा. थोरली आमटी वाढायची आणि मनात म्हणायची, की हिला काही कळत नाही याचं एवढं कौतुक, मग मला सगळं कळतं त्याचं काय? पण ते बोलायची सोय नव्हती. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात, पण इथं तर जळतंय हेही दाखवता येईना.

मग भिंगसाहेबांनी एक दिवस दोघींना बोलावून सांगितलं. नवी आवृत्ती छापायला जाईपर्यंत दोघी राहा. त्यानंतर एकच वाचक ठेवणार, आणि ठेवणार तो ज्याचे खडे खरे. एवढं बोलताना त्यांनी थोरलीकडे बघितलं नाही, आणि तेच तिला जास्त लागलं.

ती खुर्ची म्हणजे थोरलीचं सगळं काही होतं. घराबाहेरची तिची तेवढीच जागा, तिच्या नावाचा तेवढाच एक खण, तेवढाच एक कप. ती गेली तर सकाळी नऊ वाजता काय करायचं, हा प्रश्न तिला झोप लागू देईना.

उपाय सुचला तो कपड्यांना इस्त्री करताना. धाकटी शेजारी बसून घड्या घालत होती. तिनं सहज विचारलं, की वहिनी, ही लस टोचतात म्हणजे औषधच टोचतात ना? थोरली नेहमीप्रमाणे मला काय माहीत म्हणणार होती. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ही न समजण्याच्या जिवावर वर चढलीय ना, मग हिला समजावूनच सांगू. जेवढं समजेल तेवढे खडे कमी. हिला पिकवायची. एकदा पिकली, की कोशाचा संच घेऊन घरी बसेल.

तिनं इस्त्री बाजूला ठेवली आणि सांगायला सुरुवात केली.

त्या दिवसापासून थोरली धाकटीच्या मागेच लागली. भाजी निवडताना श्वास, केर काढताना पचन, बसची वाट बघताना विजेचा दाब. धाकटी भाबडेपणानं विचारायची, थोरली जीव तोडून सांगायची. एकदा सांगून नाही कळलं तर दुसऱ्या वाटेनं सांगायची, तिसऱ्या वाटेनं सांगायची. कुठं थांबायचं, कुठं पुन्हा मागं जायचं, हे तिला बरोबर उमगायचं. हे विष आहे, हे तिनं मनाशी पक्कं धरलं होतं. पण एक भानगड झाली. तिला त्यात मजा येऊ लागली. इतकी वर्षं जे कुणापुढं उच्चारता आलं नव्हतं ते भडाभडा बाहेर पडत होतं, आणि समोरच्या बाईचे डोळे चमकत होते. कधी कधी सांगण्याच्या नादात ती विसरूनच जायची, की आपल्याला हिचा मत्सर वाटतो. मग धाकटी हसून म्हणायची, वहिनी, तुम्ही किती छान सांगता हो, आणि थोरलीला परत आठवायचं.

डाव लागू पडला. धाकटीचे खडे कमी होत गेले. आधी पानाला चार पडायचे, मग लेखाला चार, मग लेखच्या लेख कोरे वर जाऊ लागले. थोरलीनं मात्र नेमानं ठिपके देणं चालू ठेवलं. भिंगसाहेबांनी हे बघितलं आणि एका सकाळी दोघींना माडीवर बोलावलं. चारही लेखक तिथं बसलेले. थोरली जिना चढली ती अंगात बारा हत्तींचं बळ घेऊन. चला, निकाल लागला, असंच ती समजली.

भिंगसाहेबांनी मूत्रपिंडाचा लेख धाकटीपुढं ठेवला. म्हणाले, की हा मला स्वतःला नीट कळला नाही, आणि तुम्ही एकही खडा दिला नाहीत. तुम्हाला काय कळलं ते तुमच्या शब्दांत सांगा.

धाकटी आधी घाबरली. मग पदर सावरून सांगू लागली. “आपल्याला वाटतं की मूत्रपिंड रक्तातला कचरा तेवढा वेचून फेकतं. तसं नाही ते. आपण कपाटाचा खण साफ करतो तेव्हा नको ते एक एक शोधत बसत नाही. अख्खा खण पलंगावर उपडा करतो, हवं तेवढं परत आत ठेवतो आणि उरलं ते टाकून देतो. मूत्रपिंड तसंच करतं. रक्तातलं पाणी आणि बारीकसारीक सगळं आधी बाहेर काढतं, मग पाणी, साखर, मीठ लागेल तेवढं परत घेतं. राहिलं ते मूत्र. आणि हे दिवसभर चालूच असतं.”

 मग एक डॉक्टर हळूच म्हणाले, की आम्ही दीड पान खर्ची घातलं होतं.

थोरलीला ते शब्द ओळखीचे होते. तो खण तिचा होता. तो पलंग तिचा होता. शब्दन् शब्द तिनं स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभं राहून सांगितला होता. अगदी ‘राहिलं ते मूत्र’ म्हणण्याआधीचा थांबासुद्धा तिचा होता.

भिंगसाहेबांनी भिंग टेबलावर ठेवलं. शाळेतल्या मुलांसाठी कोशाची छोटी आवृत्ती काढायचं त्यांच्या मनात होतं, आणि ती लिहायला त्यांना माणूस मिळत नव्हतं. शिकलेल्यांना सोपं लिहिता येईना आणि सोपं बोलणाऱ्यांना विषय येईना. आता मिळालं. धाकटीनं उद्यापासून माडीवर बसावं, पाचवं टेबल टाकतो, असं ते म्हणाले.

करायला गेली एक आणि झालं भलतंच. जिला घरी बसवायची ती माडीवर बसली, आणि बसली ती थोरलीच्याच खांद्यावर पाय देऊन.

धाकटीला मात्र राहवेना. ती म्हणाली, “साहेब, हे माझं नाही हो. हे सगळं वहिनींनी सांगितलंय मला. त्यांना अख्खा कोश येतो.”

सगळ्यांच्या माना थोरलीकडे वळल्या. भिंगसाहेबांनी विचारलं, की खरं का हे?

एक ‘हो’ म्हणायचा अवकाश होता. हो, माझे शब्द आहेत, मला सगळं येतं. तोंडात आलेही होते ते शब्द. पण हो म्हटलं तर मग एवढी वर्षं टेबलावर बसून काय केलंत, हा प्रश्न आलाच. खोटे ठिपके दिलेत? पिकलेला वाचक पगार घेऊन बसला? आणि ते पाचवं टेबल भिंगसाहेबांनी आपल्याला दिलंच नाही तर? धाकटीला तर दिलेलं आहे. मग वरचंही नाही आणि खालचंही नाही, आणि हातात कोशाचा संच. थोरलीला पोस्टमन आठवला. कोशाचे खंड काखेत मारून जिना उतरणारी त्याची पाठ आठवली.

“मला काय कळतंय त्यातलं?” ती म्हणाली. “मी आपली वाचते, अडलं की खडा देते. ही पोरच हुशार आहे. उगाच माझं नाव घेते.”

डॉक्टर हसले, प्राध्यापिका हसली. भिंगसाहेबांचा जीव भांड्यात पडलेला दिसला. ते म्हणाले, की बरं झालं, नाहीतर एका दिवसात दोन्ही वाचक गेले असते. खालची खुर्ची तुमचीच. थोरलीला हवं होतं ते मिळालं. धाकटी मात्र हसली नाही. ती थोरलीकडे बघतच राहिली.

घरी आल्यावर धाकटीनं चहा केला, कप थोरलीपुढं ठेवला आणि विचारलं, की वहिनी, तुम्ही ‘नाही’ असं का म्हणालात? थोरली म्हणाली, की खुर्ची गेली असती. मी पिकलेय हे कळलं असतं.  धाकटीला सगळं कळलं, म्हणजे खुर्चीपुरतं कळलं. तिला शिकवलं कशासाठी, ते नाही कळलं. ती एवढंच म्हणाली, की बरं, माझ्या तोंडून आता कधी निघायचं नाही. आणि निघालंही नाही. यापेक्षा तिनं चार शब्द सुनावले असते तर थोरलीला बरं वाटलं असतं. भांडणाऱ्या माणसाचा मत्सर करायला सोपं जातं.

मग धाकटीचे लेख खाली येऊ लागले. वाचक एकच उरला होता, तेव्हा ते येणार कुणाकडं? थोरलीकडंच. पहिला लेख होता तापावरचा.

थोरलीनं तो वाचला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचला. धाकटीच्या मुलीला मागं ताप भरला होता, तेव्हा तिच्या उशाशी बसून थोरलीनं जे सांगितलं होतं तेच कागदावर उतरलं होतं, काना-मात्रेचा फरक न करता. वर नाव धाकटीचं. आणि लेख सुंदर होता. कुठंही अडत नव्हतं. शाळकरी पोर एका दमात वाचून काढेल असा होता. आपण लिहिला असता तर असाच लिहिला असता, हे तिला कळत होतं आणि त्यानंच तिचा जीव जळत होता. तिनं लाल पेन्सिल उचलली आणि सगळ्यात चांगल्या वाक्यासमोर खडा दिला. मग त्याच्या खालच्या वाक्यालाही दिला. हात थांबेना, तिसराही दिला. हा मत्सर होता, दुसरं काही नव्हतं, आणि ते तिला ठिपका देताना स्वच्छ ठाऊक होतं.

दुपारी भिंगसाहेब स्वतः खाली आले. मागोमाग धाकटी, हातात तोच लेख. भिंगसाहेब म्हणाले, की मला तर लेख लख्ख वाटला. पण वाचक चुकत नाही. तेव्हा बाई, ज्यांनी लिहिलंय त्यांनीच तुम्हाला इथं समोर बसून सांगावं, आणि नेमकं कुठं अडतं ते मला बघू द्या.

थोरलीनं धाकटीकडे बघितलं. खडे खोटे आहेत हे धाकटीला पहिल्या नजरेतच कळलेलं होतं. ती एका शब्दानं सांगू शकली असती. साहेब, हे ह्यांचेच शब्द आहेत, ह्यांना कसं अडेल? एवढं म्हटलं असतं तर थोरली त्याच दिवशी घरी गेली असती. धाकटीनं स्टूल ओढलं, थोरलीच्या अगदी जवळ बसली आणि लेख दोघींच्या मध्ये धरला.

“वहिनी, असं बघा,” ती म्हणाली. “ताप चढताना अंग तापलेलं असतं, मग थंडी का वाजते? तर आपल्या डोक्यात एक जागा असते, ती ठरवते की अंग किती गरम ठेवायचं. आजारात ती जागा एकदम आकडा वाढवून ठेवते. अंग असतं नेहमीएवढंच, पण त्याला सांगितलेलं असतं की तू अजून खूप गरम व्हायचंयस. मग तिथवर पोचेपर्यंत त्याला वाटतं, आपण गारठलोय. म्हणून माणूस कुडकुडतो. पांघरुणाखाली कुडकुडत कुडकुडतच तो तापतो.”

गुरूची विद्या गुरूला. थोरली खाली मान घालून ऐकत होती. जिथं ती थांबायची तिथं धाकटी थांबत होती. जिथं ती मागं जाऊन पुन्हा सांगायची तिथं धाकटी मागं जात होती. मध्येच ती थोरलीच्या तोंडाकडं बघायची, समजतंय ना म्हणून, अगदी थोरली बघायची तशी. आणि हे सगळं थट्टेनं नव्हे, डिवचायला नव्हे. थोरलीची खुर्ची राहावी म्हणून ती एवढं मन लावून सांगत होती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. थोरलीला वाटलं, हिचं हसू घेतलं असतं, टेबल घेतलं असतं, नाव घेतलं असतं, तेही परवडलं असतं. पण हा चांगुलपणा कुठून आणायचा? हा तर आपण हिला शिकवलेला नाही.

भिंगसाहेब भिंग हातात घेऊन तिच्या चेहऱ्याकडे निरखून बघत होते. त्यांनी विचारलं, की बाई, आता?

थोरलीनं कपाळाला आठी घातली, जरा वेळ घेतला, आणि मग ती हळूहळू मोकळी होऊ दिली.

“हां,” ती म्हणाली. “आता कळलं.”

भिंगसाहेब खूश झाले. म्हणाले, की लेखात काही बदलायला नको, वाचकालाच एकदा नीट वाचायला सांगायला हवं होतं. ते जिना चढून गेले. धाकटी उठली, स्टूल जागेवर ठेवलं आणि जाता जाता वाकून थोरलीच्या खांद्यावर हात ठेवला.

“वहिनी, पुढंही कुठं अडलं तर हाक मारा,” ती म्हणाली. “मी येऊन सांगेन.”

थोरलीनं मान हलवली. आणि पुढचा लेख समोर ओढला.